मोनाझाइटचा पहिला नमुना
खनिजांच्या संग्रहासाठी पहिला नमुना म्हणून मोनाझाइट हे खनिज घ्यायचे असेल, तर सुट्या वाळूपेक्षा नखाएवढा, तपकिरी, राळेसारखी चमक असलेला एकसंध स्फटिक निवडावा. आकाराच्या मानाने तो हाताला चांगलाच जड लागतो. सेरियम, लँथॅनम, निओडिमियम यांच्या या फॉस्फेटात थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्यही असल्यामुळे खरी काळजी घ्यायची ती धुळीची: नमुना घासू किंवा फोडू नये, हाताळल्यावर हात धुवावेत आणि झाकणाची डबी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये. (एवढ्याशा स्फटिकासाठी शिशाची पेटी मला तरी अनाठायी वाटते.) भारतात राहत असाल, तर मात्र घेण्याआधीच परवान्याचे नियम तपासावेत आणि केरळातील चवऱ्याच्या किनाऱ्यावरून मोनाझाइट असलेली काळी वाळू पिशवीत भरून आणण्याचा मोह टाळावा, कारण अणुऊर्जेच्या कायद्याखाली मोनाझाइट हा विहित, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचा, पदार्थ आहे.