पाण्यातला प्राणवायू, मातीतले तांबे, विहिरीतले नायट्रेट

प्रश्न : आमच्या गावाजवळ कृष्णेत उन्हाळ्यात मासे मरून काठाला लागतात. नदीत विष सोडले असे सगळे म्हणतात. पण पाण्याच्या तपासणीत विषारी द्रव्य सापडत नाही. मग मासे मरतात कशाने? (एक वाचक, अंकली, ता. मिरज)

उत्तर : बहुतेक वेळा गुदमरून. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो आणि तो ४ मिलिग्रॅमच्या खाली उतरला, की बहुतेक मासे त्रासतात. मळीमिश्रित सांडपाणी किंवा शहराचे मैलापाणी नदीत आले, की त्यातील सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढतात आणि माशांच्या वाट्याचा प्राणवायू तेच संपवतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या, प्रक्रिया न केलेल्या एक लिटर सांडपाण्याला कुजताना ४० ग्रॅमच्या आसपास प्राणवायू लागतो. म्हणजे नदीच्या सुमारे ५ हजार लिटर पाण्यातील सगळा प्राणवायू ते एकटे खाऊन टाकू शकते. यासाठी त्यात विष असण्याची गरजच नाही. गुळाचे पाणी मोठ्या प्रमाणात ओतले तरी हेच घडेल.

उन्हाळ्यात बंधाऱ्यांना बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेले असतात, पाणी थांबलेले आणि तापलेले असते, त्यामुळे हवेतून प्राणवायू मिसळण्याचा वेग मंदावतो. त्यातच वळवाच्या पहिल्या सरीने नाल्यांत साचलेली घाण एकदम नदीत उतरते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्री तेही तो घेऊ लागते, म्हणून सर्वांत वाईट वेळ पहाटेची असते. दुपारी नमुना घेऊन दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचवला, तर पहाटे काय झाले हे त्यातून कसे कळणार? प्राणवायूचे मोजमाप काठावरच, त्याच वेळी व्हायला हवे. एक खूण गावकऱ्यांनाही पाहता येते : मरळ आणि मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात. ते जिवंत आणि बाकीचे मेलेले असतील, तर प्राणवायू संपला असावा; तेही मेले असतील, तर विषाचा संशय घ्यावा. ‘विषारी द्रव्य आढळले नाही’ या एका ओळीवर चौकशी थांबवणे मला अन्यायाचे वाटते, कारण गुदमरवणारे सांडपाणी सोडणाराही तितकाच जबाबदार आहे.

प्रश्न : असे मासे खाल्ले तर चालतात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही. मृत्यूचे कारण काठावर उभे राहून ठरवता येत नाही आणि कोमट पाण्यात मासा काही तासांतच सडू लागतो. ते कोंबड्यांनाही घालू नयेत.

प्रश्न : वीस वर्षांच्या द्राक्षबागेत गांडुळे दिसेनाशी झाली आहेत. डाऊनी रोगासाठी मी बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण) फवारतो. मोरचूद (तांब्याचा क्षार) नैसर्गिक असल्याने निर्धोक आहे, असे ऐकले होते. (एक बागायतदार, मणेराजुरी, ता. तासगाव)

उत्तर : गांडुळे कमी होण्यामागे मशागत, कोरडी माती आणि इतर कीडनाशके हीसुद्धा कारणे असतात, पण मोरचुदाकडे आपले लक्ष गेले हे योग्यच झाले. एक टक्का बोर्डोत १०० लिटरला १ किलो मोरचूद पडते आणि त्याचा चौथा हिस्सा तांबे असते. एकरी ४०० लिटरच्या एका फवारणीत १ किलो तांबे बागेत उतरते. कर्बयुक्त रसायनांपासून बनलेली अनेक बुरशीनाशके ऊन आणि जिवाणू यांमुळे हळूहळू विघटित होतात. तांबे मात्र मूलद्रव्य आहे, त्याचे विघटन होऊच शकत नाही. पानांवरून ते खाली येते आणि मातीच्या वरच्या काही इंचांत, सेंद्रिय अंशाला धरून, वर्षानुवर्षे साचते. गांडुळे पालापाचोळा खातात तोही त्याच थरात. आपली चुनखडीयुक्त काळी माती तांबे घट्ट धरते, म्हणून वेलीवर लक्षणे उशिरा दिसतात, आणि मला खरी चिंता या उशिराची वाटते. युरोपीय संघाने ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे, म्हणजे एकरी वर्षाला सरासरी १.६ किलो. वरच्या प्रमाणात वर्षाला चार फवारण्या केल्या, तर आपण तिच्या दुपटीच्याही पुढे जातो. माती परीक्षणात तांबे तपासून घ्यावे आणि प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी. पंप शेततळ्यात किंवा विहिरीवर धुऊ नये, कारण विरघळलेले तांबे माशांच्या कल्ल्यांवर आघात करते आणि त्यांच्या शरीरातील क्षार पाण्यात निसटू लागतात.

प्रश्न : उसाच्या पट्ट्यातील आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट ७० आले आहे. घरात तीन महिन्यांचे बाळ आहे. पाणी उकळून वापरले तर चालेल का? (एक वाचक, वाळवा तालुका)

उत्तर : उकळू नये, निदान या कारणासाठी तरी नाही. उकळल्याने पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे प्रमाण वाढते. तुरटी किंवा क्लोरीननेही ते जात नाही. आरओ यंत्राने कमी होते. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. सहा महिन्यांखालील बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास असमर्थ करते आणि ओठ, नखे निळसर दिसू लागतात. अमेरिकेतील आयोवा राज्यात विहिरीच्या पाण्याने झालेले असे रुग्ण १९४५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. आईने हे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, त्यामुळे बाळाला फक्त अंगावर पाजावे. या पाण्यात कालवलेली दूध पावडर किंवा हे पाणी घातलेले म्हशीचे दूध त्याला मुळीच देऊ नये. निळसरपणा दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि विहिरीच्या तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखवावा.