शेतकऱ्यांचे प्रश्न: केळीवरचा हरण्या, पपईचा मोझॅक आणि कुंडीतली ब्लूबेरी

प्रश्न: मी रावेर तालुक्यातला. केळीची मृगबाग आहे, टिश्यू कल्चरच्या रोपांची ग्रँड नैन जात, जुलैच्या सुरुवातीला लावली. लागवडीपासून नुसतं ढगाळ अन् झिमझिम चालू आहे आणि आता अधूनमधून काही झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसताय. दुकानदाराने एक बुरशीनाशक, एक बॅक्टेरियाचं औषध आणि एक टॉनिक काढून दिलंय. शेजारी म्हणतो हरण्या आहे, उपटून टाक. झाडं हिरवीगार उभी आहेत, एकेका रोपाला पैसे मोजलेत, उपटायचा जीव होत नाही भो. औषधाने जाईल का? बांधाला लागून शेजाऱ्याचाच कारल्याचा मांडव आहे.

उत्तर: भाऊ, तुमचा शेजारी बरोबर सांगतोय, मांडव त्याचाच असला तरी. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि एकदा झाडात शिरला की त्याला औषध नाही, कुठल्याच कंपनीचं नाही. बुरशीनाशक बुरशीवर चालतं, व्हायरसवर नाही. टॉनिकने झाड चार दिवस हिरवं दिसेल आणि तेच जास्त वाईट, कारण तेवढ्या दिवसांत हा व्हायरस पसरवणारी मावा कीड तिथून उडून पुढच्या ओळीत जाईल.

आधी खात्री करा. पान उन्हाकडे धरा. मधल्या शिरेपासून कडेकडे जाणारे तुटक तुटक पिवळसर पट्टे दिसतात, सलग नाहीत, मधेमधे हिरवं राहतं. नवीन पान अरुंद आणि कडक येतं, कडा वर वळतात, जास्त झालं तर पोंगा, म्हणजे शेंड्याचं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. आणि बाग कशी दिसतेय तेही बघा. जस्त किंवा लोह कमी पडलं तर पट्टाच्या पट्टा पिवळा होतो, एकसारखा, हरण्यात मात्र इथे एक झाड, तिकडे सात झाडं सोडून एक, असं विखुरलेलं दिसतं, कारण तो माव्याच्या पंखावर येतो, मातीतून नाही.

आता ते कारलं. काकडी, कारली, भोपळा, टरबूज, चवळी, मिरची, टोमॅटो, शिवाय बांधावरचं बरंच तण, ह्या सगळ्यात हा व्हायरस राहू शकतो आणि मावा कपाशीवर तर असतोच. मावा रोगट झाडाला सोंड लावतो ती काही सेकंदांची गोष्ट, तेवढ्यात व्हायरस त्याच्या तोंडाला लागतो आणि पुढच्या झाडाला सोंड टोचली की तिथे सोडतो. म्हणजे तुमचं फवारलेलं औषध मावा मारेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून नुसत्या फवारणीवर विसंबलेल्या बागा दरवर्षी फसतात आणि मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

तर करायचं असं. आजच्या आज फेरी मारा, जी झाडं दिसतील ती कंदासकट उपटा, बागेबाहेर नेऊन जाळा नाहीतर खड्ड्यात गाडा, बांधावर टाकून ठेवू नका, वाळेपर्यंत मावा त्याच्यावर बसतो. उपटायच्या आधी त्या झाडावर आणि आजूबाजूला फवारणी करून घ्या म्हणजे हलवताना मावा उडणार नाही. मावा दिसत असेल तर इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के, 10 लिटर पाण्याला 5 मिली, पानाच्या खालून आणि पोंग्यात, सोबत औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, केळीचं पान मेणचट असतं पाणी थांबत नाही. बांधावरचं तणही त्याच दिवशी काढा, आणि शेजाऱ्याशी भांडण न करता बोला, दोघांनी एकाच दिवशी फवारलं तर अर्थ आहे, तुम्ही आज फवारलं आणि त्याने पुढच्या आठवड्यात, तर मावा नुसता घर बदलतो. मग दर चार-पाच दिवसांनी फेरी, निदान पाऊस उघडून ऊन पडेपर्यंत. नांग्या, म्हणजे उपटलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, लवकर भरा, उशीर केला तर नवीन रोप सावलीत राहतं आणि शेवटपर्यंत मागेच पडतं. आणि ह्या बागेतलं पील, म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू, कुठेही लावायला देऊ नका, भाच्याने मागितलं तरी. व्हायरस पिलातून जातो.

हे झालं पावसाळ्याचं. पुढचं आत्ताच सांगून ठेवतो कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अशीच पत्रं करप्यासाठी येतात आणि तोवर निम्मी पानं गेलेली असतात. करपा म्हणजे सिगाटोका, तो खालच्या पानापासून चढतो. आधी बारीक पिवळी रेघ शिरांच्या दिशेने, मग तपकिरी लांबट ठिपका, शेवटी मध्यभागी राखाडी आणि भोवती पिवळं वलय. पहिल्या रेघा दिसल्या तेव्हाच तेवढा पानाचा भाग कापा आणि जाळा. पान अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर पूर्ण काढा. फवारणीत मॅन्कोझेब 25 ग्रॅम किंवा प्रोपिकोनॅझोल 10 मिली, 10 लिटरला, आलटून पालटून, एकच औषध सारखं मारलं तर बुरशी सवय लावून घेते. प्रोपिकोनॅझोलसोबत मिनरल ऑइल 1 टक्का घातलं तर पानावर चांगलं पसरतं. बागेत पाणी तुंबू देऊ नका, दाट लागवड असेल तर हवा खेळत नाही आणि पान ओलं राहतं, करप्याला तेच पाहिजे असतं. निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडताना, झाडावर आठ-दहा धड पानं नसली तर घड भरत नाही, फळ झाडावरच पिकायला लागतं आणि व्यापारी माल बघून परत जातो.

जानेवारीत पान पिवळं पडलं तर लगेच करपा म्हणू नका. पारा 10-12 च्या खाली उतरला की चरका बसतो, तो थंडीचा मार आहे, रोग नाही. रात्री पाणी द्या, पहाटे बांधावर धूर करा, खोडाला निंबोळी पेंड द्या, घडावर स्कर्टिंग बॅग, म्हणजे घड झाकायची पिशवी, घाला. उत्तरेकडून वारं अडवायला शेवरी असेल तर ती तोडू नका, मे महिन्यात गरम वाऱ्यालाही तीच उपयोगी पडते. बाकी सोंडकीड, सूत्रकृमी वगैरे एका उत्तरात मावत नाही. रोपाची मुळं स्वच्छ, बेणं ओळखीचं, एवढं आत्ता पुरे. बाहेरून, विशेषतः बिहार-उत्तर प्रदेशाकडून कंद आणायचा विचार कोणी करत असेल तर करू नका, तिकडे फ्युजेरियम मर रोगाची टीआर4 जात आहे, ती मातीत बसली की वर्षानुवर्षं जात नाही.

जळगावला केळी संशोधन केंद्र आहे, पालला कृषी विज्ञान केंद्र आहे, पान आणि पोंगा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन जा, फोटोपेक्षा ते बरं.

प्रश्न: शहादा तालुक्यातून लिहितेय. पपईच्या वरच्या पानांवर हिरवे-पिवळे डाग, पान दोऱ्यासारखं बारीक झालंय. फळावर गोल गोल रिंगा. मधल्या ओळीत टरबूज घेतलं होतं. शेजारच्या केळीतून आलं असेल का?

उत्तर: नाही ताई, केळीला नाव ठेवू नका. तुम्ही सांगताय ती रिंग स्पॉटची खूण आहे, हा व्हायरस वेगळा. पसरवतो मावाच, पण हा हरण्याचा व्हायरस नव्हे, आणि टरबूज-काकडीवर ह्याचाही एक प्रकार राहतो. मधल्या ओळीचा संशय जास्त. रोगट झाडं काढा. पुढच्या लागवडीला रोपं नेटमध्ये वाढवलेली घ्या आणि लावायच्या आधी भोवती मक्याच्या दोन ओळी उभ्या करा, मावा आधी मक्याला सोंड लावतो आणि तोंडाचा व्हायरस तिथेच पुसून जातो, पपईपर्यंत पोचेस्तोवर तो निरुपद्रवी झालेला असतो. टरबूज दूरच्या तुकड्यात घ्या.

प्रश्न: पुण्याहून नोकरी सोडून साक्रीला परत आलोय. शेडनेटमध्ये कुंड्यांत ब्लूबेरी लावायचा विचार आहे. यूट्यूबवर ममी बेरी, ड्रोसोफिला, रस्ट असं बरंच ऐकलं. सीझनभर फवारणीचं टाइमटेबल द्या.

उत्तर: टाइमटेबल देत नाही, कारण तुमचा पहिला रोग कुठल्या व्हिडिओत नाही, तो तुमच्या पाण्यात आहे. ब्लूबेरीला मातीचा सामू (पीएच) 4.5 ते 5.5 लागतो, आपली काळी जमीन चुनखडीची, 8 च्या आसपास. म्हणून कुंडी आणि कोकोपीट हा विचार बरोबर, पण विहिरीचं पाणी क्षारयुक्त असेल तर कोकोपीटचा सामूही चार महिन्यांत वर चढतो, पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहतात, आणि तुम्ही बुरशीनाशक मारत बसाल. पाणी आधी तपासा, आम्ल घालावं लागेल तर त्याचा खर्च धरा.

ममी बेरी ही अमेरिकेतली बुरशी, तिला पडलेल्या फळात थंडी काढावी लागते, साक्रीत तिची भीती नको. तिच्यापेक्षा कुंडीत पाणी साचून मूळ सडणं, फायटोप्थोरा, हा खरा शत्रू. कुंडी विटांवर ठेवा, खालचं भोक मोकळं ठेवा. फुलोऱ्यात दमट हवा असेल तर राखाडी बुरशी, म्हणून फुलावर पाणी पडू देऊ नका, ठिबकच. कोवळ्या शेंड्यात फुलकिडे बघायला पांढरा कागद खाली धरून फांदी झटका, दिसतात. पावसाळ्यात पानाच्या मागे नारिंगी पावडर दिसली की तो रस्ट, ती पानं गोळा करून जाळा.

स्पॉटेड विंग ड्रोसोफिला ही बारीक माशी अमेरिकेत 2008 मध्ये कॅलिफोर्नियात सापडली, मूळची पूर्व आशियातली. साधी माशी सडलेल्या फळात अंडी घालते, ही मात्र करवतीसारख्या अवयवाने धडधाकट पिकत्या फळाला चिरते. उपाय म्हणजे बारीक जाळी, भोकं 1 मिमीपेक्षा लहान, वेळेवर तोडणी, खाली फळ न ठेवणं आणि तोडलं की लगेच थंडीत. औषध घ्यायचं तर आधी लेबलवर तुमचं पीक लिहिलंय का ते वाचा, नसेल तर घेऊ नका, निर्यातीचं तर सोडा, स्थानिक गिऱ्हाईकही आता विचारतं.

आणि जात निवडताना कमी थंडीवर फळणारी सदर्न हायबुश घ्या. मे महिन्यात शेडनेटच्या आत किती डिग्री जातं ते पैसे गुंतवायच्या आधी एक उन्हाळा थर्मामीटर लावून बघा. तोरणमाळ-डाबच्या बाजूला थंडी आहे म्हणून तिकडे स्ट्रॉबेरी जमली, साक्रीचा उन्हाळा तेवढी सवलत देत नाही. दहा-बारा कुंड्यांनी सुरुवात करा, आणि जाळी वरूनही घाला, फळ पिकलं की तुमच्या आधी पोपट येतो.