वाचकांचे प्रश्न : ‘माका राग इलो’ म्हणता येऊ दे

प्रश्न : मालवण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी दुसरी-तिसरीचा जोडवर्ग शिकवते. तिसरीतला एक मुलगा खेळात हरला की पाटी भिरकावतो, शेजारच्याला चावतो. ‘शांत बस’ म्हटलं की आणखीच बिथरतो. वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. ३१ जुलैला मासेमारीबंदी संपून ते समुद्रावर गेले, तेव्हापासून हे वाढलंय.

उत्तर : राग डोक्यात गेलेला असताना उपदेश कानात शिरत नाही. ‘असं का केलंस?’ हेही तेव्हा नको. त्याचं उत्तर त्यालाच ठाऊक नसतं. बाकीच्या मुलांना बाजूला घ्या, आवाज उतरवा, त्याच्या उंचीला बसून एवढंच म्हणा, “तुला राग आलाय. पण चावायला देणार नाही.” मग गप्प राहा. बोलणं दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी पिऊन झाल्यावर. जबरदस्तीचं ‘सॉरी’ तर नकोच.

खरं काम राग नसतानाचं. परिपाठानंतर रोज ५ मिनिटं काढा. फळ्यावर चारच चेहरे : आनंद, राग, दुःख, भीती. वीस चेहऱ्यांच्या तक्त्यात लहान मुलं गोंधळतात. प्रत्येक चेहऱ्याला अंगातली खूण विचारा. कान तापतात? मुठी वळतात? पोटात गोळा येतो? स्वतःची खूण सापडलेल्या मुलाला पाटी भिरकावण्याआधी थोडी उसंत मिळते. हे सगळं घरच्या बोलीत होऊ द्या. ‘मला राग आला आहे’ हे त्याच्यासाठी पुस्तकातलं वाक्य, ‘माका राग इलो’ हे त्याचं स्वतःचं. चार चेहरे रुळले की वैताग, राग, संताप अशा पायऱ्या करा आणि वैतागाच्याच पायरीवर हात वर करायला शिकवा.

श्वासासाठी पेजेची आठवण द्या : तीन मोजत नाकाने वास घ्यायचा, पाच मोजत गरम पेजेवर फुंकर. असं पाच वेळा. सोडणं लांबलं की हृदयाचे ठोके मंदावतात. मुलं नेमकं उलटं करतात, खांदे उचलून भसाभसा हवा ओढतात, मग गरगरतं.

वर्गात चटई टाकून शांत कोपरा करता येईल, पण एकदा जरी शिक्षा म्हणून तिथे पाठवलंत तरी तो कोपरा वाया गेला.

वडिलांच्या जाण्यामुळेच हे होतंय असं लगेच धरू नका. मात्र ‘बाबा रविवारी येतील’ असं कुणी सांगत असेल तर थांबवा. बोट परतणं वाऱ्यापाण्यावर असतं, आणि चुकलेली तारीख मुलाला जास्त लागते. त्यापेक्षा कालदर्शिकेवर गेलेले दिवस त्यालाच खोडू द्या.

प्रश्न : मुलगी पहिलीत आहे. दर सोमवारी सकाळी पोट दुखतं, सुट्टीत नाही. (एक आई, दापोली)

उत्तर : आधी डॉक्टरांना दाखवा. तपासणीत काही निघालं नाही तरी दुखणं खोटं नसतं; भीतीनेही पोट खरोखर दुखतं. ‘कुणी त्रास देतं का?’ याला बहुधा ‘नाही’ येईल. ‘मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसतेस?’, ‘शू लागली तर काय करतेस?’ असं विचारा. शाळेतलं स्वच्छतागृह हे कारण पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. घरी ठेवणं टाळा, एकेका सुट्टीने भीती वाढते. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा झोप-जेवण बिघडलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.