चौकाच्या टोकावरची सभा

बाळ,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. पाण्याच्या निवेदनाला उत्तर नाही, पोरं तापलीत, आता सगळ्यांना घेऊन थेट सभागृहात शिरतो म्हणतोस. शीर किंवा शिरू नकोस, हे मी सांगणार नाही. एका आयरिश उमरावाची हकिकत सांगतो.

जेम्स कॉलफिल्ड, अर्ल ऑफ चार्लमॉन्ट. जन्म १७२८, डब्लिन. लेकीकडे गेलो होतो तेव्हा डब्लिनमधल्या मरिनोतलं त्याचं ‘कॅसिनो’ मुद्दाम पाहून आलो. नावावर जाऊ नकोस, जुगाराशी संबंध नाही. इटालियनमध्ये त्याचा अर्थ छोटं घर. बाहेरून एका दालनाचं देऊळ वाटतं, आत तीन मजले आणि सोळा खोल्या. छपरावर कलश दिसतात ती धुराडी. काही खांब पोकळ आहेत, त्यांतून पावसाचं पाणी खाली उतरतं. मी खांबाला कान लावून उभा राहिलो, तर लेक म्हणाली, “बाबा, लोक बघतायत.”

माणूसही तसाच होता. भर सभेत भाषण करणं त्याला कधी जमलं नाही. म्हणून १७७५ मध्ये त्याने हेन्री ग्रॅटन नावाच्या तरुण वकिलाला आपल्या हातातल्या मतदारसंघातून आयरिश संसदेत पाठवलं. (मतदारसंघ हातात असायचा, असा तो काळ!) पुढे त्या संसदेतला सर्वांत धारदार आवाज ग्रॅटनचाच ठरला. तुला प्रत्येक सभेत माइक स्वतःच्याच हातात लागतो, म्हणून हे जरा लांबवलं.

आता मुद्द्याचं. अमेरिकेतल्या युद्धासाठी इंग्रजांनी आयर्लंडमधली फौज हलवली. १७७८ मध्ये फ्रान्सही युद्धात उतरला आणि किनारा उघडा पडला. तेव्हा गावोगावच्या लोकांनी पदरच्या पैशाने पलटणी उभ्या केल्या, गणवेश शिवले, अधिकारीही स्वतःच निवडले. हे व्हॉलंटिअर्स. १७८० मध्ये चार्लमॉन्ट त्यांचा सेनापती झाला. फ्रेंच काही आले नाहीत, पण हाती बंदुका आलेल्या लोकांनी लंडनकडे हक्क मागायला सुरुवात केली. फेब्रुवारी १७८२ मध्ये डंगॅननला पलटणींच्या प्रतिनिधींनी ठराव केले आणि त्याच वर्षी आयरिश संसदेला स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार मिळाला. एक गोळीही न झाडता.

पण संसद मूठभर जमीनदारांचीच राहिली. नोव्हेंबर १७८३ मध्ये व्हॉलंटिअर्सचे प्रतिनिधी डब्लिनच्या रोटुंडा या गोल सभागृहात जमले. चार्लमॉन्टचं घर त्याच चौकात, अध्यक्षही तोच. निवडणूक सुधारणेचा मसुदा घेऊन हेन्री फ्लड हा संसद सदस्य व्हॉलंटिअरच्या गणवेशातच संसदेत गेला. बंदुकीच्या धाकाने कायदे करणार नाही, म्हणत संसदेने ७७ विरुद्ध १५७ मतांनी तो दाखलच करून घेतला नाही. इकडे रोटुंडात माणसं खोळंबलेली, चिडलेली. तुझी पोरं आज आहेत तशीच.

चार्लमॉन्टने त्यांना संसदेवर नेलं नाही. शांत केलं, आणि दोन दिवसांत सभा बरखास्त केली. त्यावरून लोकांनी त्याला भेकड ठरवलं. मला ते पटत नाही. हजारो बंदुका पाठीशी असताना पाऊल मागे घ्यायला छाती लागते.

त्याची चूक त्याआधीची आहे. देशात बहुसंख्य कॅथलिक, आणि त्यांना मत नाही. रोटुंडात डेरी शहराचा बिशप त्यांची बाजू घेत होता. चार्लमॉन्टचा त्याला ठाम विरोध. इतका सुसंस्कृत माणूस, पुढे रॉयल आयरिश अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला, पण एवढं मात्र बराच काळ त्याच्या गळी उतरलं नाही. म्हणून संसदेने दार लावल्यावर मागे वळून हाक मारायला त्याच्याकडे कुणी उरलं नव्हतं. बंदुका होत्या, देश नव्हता. पुढे व्हॉलंटिअर्स विरत गेले. ऑगस्ट १७९९ मध्ये तो वारला, आणि १८०१ उजाडताना ती आयरिश संसदच ब्रिटनच्या संसदेत विलीन झाली.

तू सह्यांची यादी जोडली आहेस. चारशे बारा सह्या, सगळ्या वरच्या आळीच्या. पाण्याची ओरड खालच्या वस्तीत जास्त आहे ना? तिथली एकही सही मला दिसली नाही. रविवारी इकडे येणार आहेस तर आधी तिथे जा, कोण काय म्हणालं ते लिहून आण. दुपारी जेवायलाच थांब.

तुझा,
काका