चालता तारा मध्येच का विझतो?

प्रश्न : सूर्यास्तानंतर तासाभराने पश्चिमेकडून एक ठळक, स्थिर तेजाचा ठिपका वर चढत आला, डोक्यावरून पुढे गेला आणि आकाश निरभ्र असूनही पूर्वेकडे जाता जाता काही सेकंदांत दिसेनासा झाला. आवाज मुळीच नव्हता. ते विमान होते की उपग्रह?

उत्तर : तो उपग्रह होता, आणि एवढा ठळक होता त्या अर्थी बहुधा आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकच असावे. विमानाचे लाल किंवा पांढरे दिवे उघडझाप करतात, उल्का क्षणार्धात संपते. स्थानक मात्र सलग चार-पाच मिनिटे एकाच संथ गतीने जाताना दिसते. तुम्ही टिपलेले त्याचे विझणे ही मला सर्वांत मोलाची खूण वाटते. आपल्याला दिसतो तो त्याच्या सौरपट्ट्यांवरून आणि धातूच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. जमिनीवर अंधार पडला तरी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. पण संध्याकाळी पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत असल्यामुळे त्या दिशेने निघालेले स्थानक तिच्यात शिरते. त्या वेळी द्विनेत्री दुर्बीण रोखून धरली, तर ठिपका पांढऱ्याचा पिवळसर आणि मग तांबूस होत मालवताना दिसतो, कारण आत राहणाऱ्या अंतराळवीरांसाठी तो सूर्यास्तच असतो. नोव्हेंबर २००० पासून तिथे माणसांची वस्ती एकदाही खंडित झालेली नाही, हे आठवले की तो तांबूस क्षण मला फार जवळचा वाटतो.

पहाटे याच्या उलट घडते आणि कोऱ्या आकाशात मध्येच ठिपका उजळतो. तेज ठरावीक अंतराने कमी-जास्त होत असेल, तर तो बहुधा गिरक्या घेणारा रॉकेटचा निकामी टप्पा असतो. एकामागून एक ठिपक्यांची रांग दिसली, तर ते स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे नुकतेच सोडलेले उपग्रह समजावेत. सुमारे ३६,००० किलोमीटरवरचे भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून एकाच जागी थांबल्यासारखे भासणारे, उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

स्थानक केव्हा दिसेल याच्या वेळा नासा देते. पृथ्वीप्रदक्षिणेला त्याला सुमारे ९३ मिनिटे लागतात, म्हणून पहिल्या दर्शनानंतर दीड तासाने पुन्हा पश्चिमेकडे पाहावे; तोवर सावली बरीच वर आलेली असते, आणि स्थानक पुन्हा आलेच, तर या वेळी ते पश्चिम क्षितिजापासून थोडेसे वर चढताच विझते.