उंदराच्या मिश्यांवर पीएचडी? हो भाऊ, खरंच करतात

भाऊ, तुम्ही विचारलंय की भाची एमएस्सी करून पीएचडीला निघाली, तिचे सर मेंदूची सर्किटं (पेशींची एकमेकींशी जोडणी) आणि सेन्सरी प्रोसेसिंगवर (स्पर्श, नजर असल्या संवेदना मेंदू कशा समजून घेतो त्यावर) काम करतात आणि घरी आबा म्हणताहेत उंदराच्या मिश्या मोजायला हिला शिकवलं का. मी अशा लॅबमधे 6 वर्षं काढलीत, आमच्या आईनेपण अगदी हेच विचारलं होतं.

अमळनेरला आमच्याकडे ज्वारीच्या पोत्यांची खोली होती. लाइट गेली की उंदीर भिंतीच्या कडेकडेने सुसाट पळायचा पण पोत्याला कधी धडकला नाही, कारण मिश्या. सेकंदाला कितीतरी वेळा पुढेमागे हलवून तो भिंत चाचपत असतो, आपण अंधारात स्विच शोधतो ना तसं. 1970 मधे वूल्सी आणि व्हान डर लोस या संशोधकांनी दाखवलं की उंदराच्या कॉर्टेक्समधे (मेंदूच्या बाहेरच्या थरात) या मिश्यांचा अख्खा नकाशा आहे, एका मोठ्या मिशीला पेशींचा एक पुंजका, आकार पिंपासारखा म्हणून नाव बॅरल (इंग्रजीत पिंप). गालावर ज्या ओळीत मिश्या त्याच ओळीत आत बॅरल. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची मिश्यांची एक ओळ मुळापासून काढली तर मेंदूत त्या ओळीची बॅरलं नीट बनतच नाहीत!

म्हणून लोक मिश्यांच्या मागे लागलेत. कुठली मिशी हलवली ते माहीत, आत कुठे बघायचं तेपण माहीत, मधे काय होतं तेवढं शोधायचं. सिग्नल मिशीपासून ब्रेनस्टेम (मेंदूचा खालचा देठ), मग थॅलॅमस (मेंदूच्या मधलं सिग्नल पुढे पाठवणारं ठाणं), मग कॉर्टेक्स असा जातो, पण कॉर्टेक्सकडून थॅलॅमसकडे उलट्या येणाऱ्या तारा त्याहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे साहेब फाइल यायची वाटच बघत नाही, खाली कारकुनाला आधीच सांगून ठेवतो कुठली पाठवायची. मिशी मी हलवली का पोतं लागलं हेपण मेंदूला वेगळं काढावं लागतं, आपणच आपल्याला केल्या तर गुदगुल्या होत नाहीत तो याचाच भाऊबंद प्रश्न.

आता तर शेवाळातलं एक प्रोटीन पेशीत घालून निळ्या उजेडाने ठरावीक पेशी हव्या तेव्हा चालू करता येतात, 2005 पासून ही सोय आली आणि सगळं फील्डच बदललं. ऐकायला भारी, रोजचं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास बसणं आणि रात्री कोडमधली चूक शोधणं.

भाचीला सांगा पायथन (कोड लिहायची भाषा) आत्तापासूनच शिक. आणि उंदराची भीती वाटत असेल तर सरांना आधीच सांगून टाक म्हणा, माझ्या तर पहिल्याच आठवड्यात बोटाला चावला होता.