एवढं सगळं माहीत असून भीती का जात नाही?

"मॅडम, सगळी माहिती घेते हो, तरी धडधड काही थांबत नाही." घरात कुणाची तरी अँजिओप्लास्टी झालेली असते आणि ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य पुन्हा पुन्हा उमटतं. म्हणून या जोडप्याबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काका साठीचे. चार महिन्यांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला. काकूंचा भाचा हृदयरोगतज्ज्ञ. दर रविवारी तो ऑनलाइन हृदयाच्या औषधांबद्दल बोलतो. ऐकायला सहकारी डॉक्टर असतात, पेशंटच्या घरचेही असतात. मनापासून केलेलं, चांगलं काम. काकूंनी एक रविवार चुकवला नव्हता. दोनशे पानी वही, औषधांची नावं लाल शाईत, दुष्परिणाम निळ्या. दिवसातून सहा वेळा बीपी. मी प्रश्न काकांना विचारायचे, उत्तर काकू द्यायच्या.

तिसऱ्या भेटीत मी वही वाचायला सांगितली.

"मीठ बंद झालंच पाहिजे. गोळी नऊलाच. मला प्रत्येक औषध कळलंच पाहिजे."

"काकू, हा 'च' कशासाठी?"

त्या थांबल्या. "नाही कळलं आणि ह्यांना काही झालं तर? मग मी बायको म्हणून केलं काय?"

भीतीचं मूळ आजारापेक्षा त्या 'च'मध्ये जास्त असतं, असं मी मानते. 'असं झालंच पाहिजे' हा हट्टच आपल्याला त्रास देतो, ही विचारपद्धती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली, तिच्यावर माझं काम उभं आहे; आणि मराठीत तर आपल्या मनातला हट्ट एका अक्षरात पकडता येतो. 'कळलं तर बरं' म्हणून पाहा, खांदे सैल होतात.

मग मी म्हटलं, "आता पाच मिनिटं फक्त काका बोलतील." दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. काकूंचे ओठ दोनदा हलले, मी हातानेच थांबवलं. काकांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, मांडीवर उलगडला. त्यात चार गुलाबी गोळ्या.

"रक्त पातळ करायची. चार दिवस घेतली नाही."

"अहो!"

"ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. हे बघा," त्यांनी बाही वर केली, दंडावर निळा डाग होता. "रविवारी तो मेंदूतल्या रक्तस्रावाबद्दल सांगत होता. तुला बोललो असतो तर तू रात्रभर बसून राहिली असतीस."

मी समुपदेशन तिथेच थांबवलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांनी गोळी लगेच सुरू करायला सांगून त्याच संध्याकाळी तपासायला बोलावलं. स्टेंटनंतर ही गोळी आपल्या मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये रक्ताची गाठ होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो.

त्या रात्री मला उमगलं ते असं: भाच्याचं वाक्य डॉक्टरांसाठी होतं, कोणत्या पेशंटकडे जास्त लक्ष ठेवायचं याबद्दलचं. काकांच्या कानात ते त्यांच्याच टूथब्रशबद्दल होतं. ती पाच मिनिटं मी शब्दांनी भरली नाहीत, याचं मला आजही समाधान आहे.

तुमच्या घरी अशी वही असेल तर ती फेकू नका. ऐकलेली गोष्ट नियम म्हणून लिहिण्याऐवजी प्रश्न म्हणून लिहा: 'ह्यांच्या बाबतीत हे लागू आहे का?' आणि पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांना विचारा. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र बहुधा सहा महिने ते वर्षभर चालतात. नेमकं किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. हिरड्यांतून थोडं रक्त येतं, हे त्यांना सांगायचंच. (इथे 'च' हवा.) शौचाला काळं झालं किंवा रक्त थांबेना, तर वाट पाहू नका. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर मोबाइलवर काही शोधत बसू नका, १०८ लावा. बीपी डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढ्याच वेळा बघा.

आणि दिवसातून एकदा पेशंटला 'कसं वाटतंय?' विचारा, उत्तर त्यांचं त्यांना पूर्ण करू द्या. काकूंना हे सगळ्यात अवघड गेलं. त्या संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना विचारायच्या, कारण चालताना मधे बोलायला दम पुरत नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.

शेवटच्या भेटीला त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या तपासणीचा कागद दाखवला. तीन प्रश्न होते. दोन काकांच्या अक्षरातले.